म्हसावदचा चीड आणि त्याची अळंबी

मित्रांनो, मी म्हसावदचा जुना चीड, म्हणजे पाइनचं झाड आहे. माझी भावंडं हिमालयात राहतात; या केळी-उसाच्या मुलखात मी एकटाच. तीस वर्षांपूर्वी चुडामणआबा बद्रीनाथच्या यात्रेहून परतले, तेव्हा त्यांनी मला तेलाच्या डब्यात लावून, मांडीवर धरून आणलं. उन्हाळ्यात ते माझ्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळत. मी जगलो, याचं त्यांना कोण कौतुक! शहाद्याहून आलेला पाहुणा आधी मला पाहायचा, मग चहा घ्यायचा. मीही जरा शेफारलोच होतो.

तीन वर्षांपूर्वी आबांनी लाडानं माझ्याभोवती सिमेंटचा पार बांधला. आत कमरेएवढी माती भरली, वर माझं नाव कोरलेली फरशी बसवली. सगळ्यांनी वाहवा केली. माझा मात्र श्वास कोंडला. पानांच्या सुया पिवळ्या पडल्या, एक फांदी वाळली आणि बुंध्याला अळंबी फुटली.

तिचं-माझं काय जमणार? मी उन्हावर स्वतःचं अन्न करणारा. तिला ना पान, ना हिरवा रंग. मेलेलं लाकूड खाऊन जगते. मला वाढायला तीस वर्षं लागली, ती दोन दिवसांत छत्री उघडते. मला तिची किळस यायची. आबा तिला खरवडायचे, चुना फासायचे. ती पुन्हा यायची.

शेवटी त्यांचा मुलगा हेमकांत म्हणाला, "आबा, आते झाडच कापी टाकूत. रोग लागेल शे त्याले."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांची बायको धनुबाई. जन्मभर चुलीसाठी लाकडं निवडलेली बाई. त्यांनी फरशीच्या फटीत बोट घातलं. आतली साल कुजून मऊ झाली होती.

"हाई अळंबी बिचारी मरेल लाकूडवर उगस," त्या म्हणाल्या. "हाऊ पारच त्याना जीव ली ऱ्हायना. फोडा त्याले." अळंबी मेलेल्या लाकडावरच उगवते, माझा जीव घेतोय तो पार, असं त्यांचं म्हणणं.

आबांनी स्वतः घण उचलला आणि हौसेनं कोरून घेतलेली ती फरशी फोडली. माती उपसली. मी मोकळा श्वास घेतला. वर्षभरानं मला नव्या सुया फुटल्या.

मित्रांनो, लाडक्या झाडाचा बुंधा मोकळा ठेवा. त्यावर अळंबी दिसली तर खरवडण्याआधी तिथलं लाकूड का मेलं, ते बघा.

परवा हेमकांतनं माझी वाळकी फांदी तोडली आणि चुलीकडे न्यायला उचलली. तिच्यावर चार अळंब्या होत्या. आबांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे रे फांदी सावलीमा. ती अळंबी कोठे जाई?"