अर्ध्या ग्रॅमच्या पुड्या

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला आधी आईने सांगितलं, मग नवऱ्याने, आणि तो गेल्यावर बेकरीतल्या प्रत्येकाने आपापल्या परीने. मी कधी मनावर घेतलं नाही. बेकरी जिभेवर चालत नाही, तराजूवर चालते, आणि तराजू माझ्या हातात आहे. मैदा असो की मीठ, तीस वर्षांत माझं वजन चुकलेलं नाही, असं मी येईल त्याला ऐकवत असे.

बेकरी वडिलांची. आता मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. तो गिऱ्हाईक बघतो, मी आतलं बघते. राहायला वरच्या मजल्यावर. एक खोली माझी, भिंतीपलीकडची भाऊ-भावजयीची. त्यांची पहिली मुलगी चौदा महिन्यांची होऊन गेली. मोठी म्हणतो आम्ही तिला. प्यायलेलं सगळं ओकायची, पाण्यासाठी जीव टाकायची आणि अंगाला काही लागायचं नाही. एका डॉक्टरने सांगितलं दात येताहेत, दुसऱ्याने सांगितलं दूध बदला. ती गेली तेव्हा मला कुणाच्या तरी अंगावर धावून जायचं होतं. भावजय समोर होती. मी भावाला म्हणाले, "पोर उपाशी मारली हिने. रात्रभर लेकरू रडतं आणि ही खुशाल झोपते." त्याने ऐकलं. चार महिने तो बायकोशी बोलला नाही.

याला आता तीन वर्षं झाली. मग मुलगा झाला. भावजयीने त्याचं नाव ढब्बू पाडलं, म्हणजे निदान नावाला तरी बाळसं. पाचव्या महिन्यात ढब्बूचं वजन तिसऱ्या महिन्याइतकंच होतं. रोज सकाळी पिठाच्या तराजूच्या ताटात टॉवेल अंथरून आम्ही त्याला ठेवायचो आणि काटा जिथल्या तिथे. तेच ओकणं, तीच तहान. भाऊ काट्याकडे बघायचाच नाही, खिडकीतून रस्त्याकडे बघत राहायचा. मला तर रात्री झोपेत तो काटा दिसायचा. हेही पोर हातचं जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं.

या वेळी आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे मुलांच्या मूत्रपिंडाची एक डॉक्टरीण भेटली. वयाने माझ्या मुलीसारखी, पण बोलायला माझ्यासारखीच फटकळ. तिने रक्त बघितलं, लघवी बघितली आणि सलाईनमधून औषध चालू केलं. चौथ्या दिवशी ढब्बू आईला असा काही लुचला की भावजय रडायलाच लागली. बाईंनी ढब्बूचं आणि त्याच्या आईबापाचं रक्त लांबच्या प्रयोगशाळेत पाठवलं आणि त्याच औषधाच्या पुड्या देऊन आम्हाला घरी सोडलं. ढब्बू महिनाभरात सहाशे ग्रॅमने वाढला.

मग अहवाल आला. बाईंनी आम्हाला समोर बसवलं.

"आपल्या शरीरात सतत आम्ल तयार होतं," त्या म्हणाल्या. "ते लघवीतून बाहेर टाकायला मूत्रपिंडाच्या पेशींत बारीक बारीक पंप असतात. एकेक पंप पुष्कळ भागांचा. त्यातला एक भाग कसा घडवायचा, हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं, त्या जनुकात याच्या बिघाड आहे. पंप चालत नाही. आम्ल रक्तात साठतं."

"कुणाकडून आलं हे?" भावाने विचारलं.

"दोघांकडून. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. तुमची एक बिघडलेली, यांची एक बिघडलेली. दुसरी चांगली म्हणून तुम्हा दोघांना काहीच त्रास नाही. याच्या वाट्याला नेमक्या दोन्ही वाईट आल्या."

"मग माझ्यातपण असेल?" मी विचारलं.

"असू शकेल. तुम्ही सख्खे बहीणभाऊ ना?"

पुढे त्या कानांबद्दल बोलल्या. असलेच पंप कानाच्या आतही असतात, ऐकू कमी येऊ शकतं, वरचेवर तपासावं लागेल. पण जीव वाचवणारं औषध अगदी साधं आहे म्हणाल्या. आम्ल मारणारा सोडा, दिवसातून चार वेळा, जन्मभर. तो एक दिवसही चुकता कामा नये.

"सोडा म्हणजे खायचा सोडा?" भावजयीने विचारलं.

"तोच."

आमच्या बेकरीत तो डब्याने असतो. भावजय एकदम हळू आवाजात म्हणाली, "आमची मोठी... तिलाही हेच होतं का?"

"तपासल्याशिवाय छातीठोक नाही सांगता येणार. पण तुम्ही सांगता त्यावरून, हो. बहुतेक हेच."

"म्हणजे सोडा दिला असता तर..."

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. भावाने मान खाली घातली. आणि मी काय केलं? मी पायाशी ठेवलेल्या पिशवीतली दुपटी बाहेर काढून पुन्हा घडी घालायला लागले. मला सगळं कळलं होतं. भावजयीची काही चूक नव्हती, अर्धा दोष तर आमच्याच घराण्याच्या रक्तातून आला होता. तिथेच बोलायला हवं होतं. एरवी चुरूचुरू चालणारी जीभ नेमकी तेव्हा टाळूला चिकटली.

निघताना कळलं की औषधाच्या दुकानातल्या पुड्या संपल्यात, नवा माल यायला आठ दिवस लागतील. बाई चिडल्या, दोन-तीन ठिकाणी फोन केले, कुठेच नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "घरचा सोडा चालेल. पण नवं, न फोडलेलं पाकीट आणा आणि वजन काटेकोर करा. एका वेळी अर्धा ग्रॅम. जमेल?"

"जमेल का काय विचारता?" मी म्हणाले. "आमच्याकडे यीस्ट मोजायचा छोटा काटा आहे. मी स्वतः मोजते."

तोंडाने माफी मागायची लाज वाटली की माणूस हातांनी राबायला लागतो. त्याच दिवशी मी बत्तीस पुड्या बांधल्या. आठ दिवसांच्या, रोजच्या चार. स्वच्छ कागद कापले, हात दोनदा धुतले, श्वास रोखून वजन केलं. फक्त नवं पाकीट आणलं नाही. आमचा सोडा गेल्याच आठवड्यात भरलेला, दुकानातल्यापेक्षा ताजा. चार पैशांच्या पाकिटासाठी बेकरीवालीने दुसऱ्याच्या दारात जायचं, हे माझ्या मनाला पटेना. पुड्या मी भावजयीच्या हातात दिल्या. तिने त्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि "ताई, बरं झालं तुम्ही आहात," असं म्हणाली. मला खूप बरं वाटलं. जणू फिटलंच सगळं.

तिसऱ्या दिवशी ढब्बू ओकला. चौथ्या दिवशी दूध ओढेना. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा श्वास लहान कुत्र्यासारखा भराभर चालला होता आणि मान उचलत नव्हती. तसंच उचलून आम्ही इस्पितळात धावलो. रक्त बघून बाईंचा चेहरा उतरला.

"औषध पोटात गेलेलंच दिसत नाही," त्या म्हणाल्या. "एवढं आम्ल आहे. सगळ्या पुड्या दिल्या?"

"सगळ्या," भावजय म्हणाली. "वेळ लिहून ठेवली आहे." तिने वही पुढे केली.

आणि माझी जीभ सुटली. "वहीत लिहायला काय जातंय! पुड्या मी माझ्या हाताने मोजल्यात, तिथे चूक नाही. ज्याच्या त्याच्या हातात दिल्यावर पुढे काय होतं ते मी कशाला सांगू? एकदा झालंय ते आमच्या घरात!"

वॉर्डातल्या चार बायका वळून बघायला लागल्या. भाऊ बायकोकडे बघत होता. तीन वर्षांपूर्वी बघत होता ना, अगदी तसाच.  भावजयीने वही मिटली.

"औषध जाऊनही असं होत असेल तर दुसरं काहीतरी शोधावं लागेल," बाई म्हणाल्या. "तोवर सलाईनमधून जपूनच देते. कशामुळे होतंय ते कळायला हवं. वेळ फार नाही."

मला कपडे आणायला घरी पाठवलं. बेकरीच्या दारातच भट्टीवाला उभा होता. हातात केक.

"ताई, हा तिसरा परत आला. लोक म्हणतात साबण खाल्ल्यासारखा लागतो."

"मेल्या, पोर तिकडे शेवटच्या घटका मोजतंय आणि तू केक घेऊन आलास? नाचता येईना अंगण वाकडं! जाळला असशील."

"जाळला नाही. आच तीच, वेळ तीच. आठवडाभर हेच चाललंय, रंगही काळपट येतोय. माप तुमचंच, ताई. मी फक्त डब्यातली बेकिंग पावडर घेतो आणि घालतो." तो हटला नाही. "एकदा खाऊन तर बघा."

त्याचं तोंड बंद करायला म्हणून मी तुकडा जिभेवर ठेवला. खारट, कडवट, साबणासारखा. ही चव मी ओळखते. बेकिंग पावडरच्या मापाने निव्वळ सोडा पडला की अशीच चव येते.

पावडरच्या डब्यात सोडा. मग सोड्याच्या डब्यात काय आहे?

तीस वर्षं फळीवर दोन पत्र्याचे डबे आहेत. निळ्या झाकणाचा सोड्याचा, लाल झाकणाचा पावडरचा. डब्यावरचं कुणी वाचत नाही, झाकण बघून हात जातो. अहवाल यायच्या दोन दिवस आधी मीच फळी धुतली होती, झाकणं धुऊन उन्हात ठेवली होती, आणि मीच ती परत लावली होती. दुसऱ्या कुणाला मी त्या फळीला हात लावू देत नाही.

मी दोन वाट्यांत कोमट पाणी घेतलं. निळ्या झाकणाच्या डब्यातली चिमूट टाकली. पाणी फसफसून वर आलं. लाल झाकणाच्या डब्यातली टाकली. काही नाही, गुपचूप तळाशी बसली. सोड्याला फसफसायला आंबट लागतं. पावडरीत ते आंबट आधीच मिसळलेलं असतं. म्हणजे ज्या आम्लाने ते पोर मरत होतं, त्यावर मी तोलूनमापून, कागदाची सुरेख घडी घालून, सोड्यासोबत आणखी आम्लच पाजत होते.

मी फरशीवर बसले. रडू आलं नाही. कुणाला काही न सांगता लाल डब्यातल्या नव्या पुड्या बांधून न्याव्यात, पोर सुधारेल, कुणाला पत्ताही लागणार नाही, हा विचार माझ्या मनात आला. आला, हे खोटं कशाला बोलू? पण बाई दुसराच आजार शोधत बसल्या होत्या आणि औषध हात राखून देत होत्या. मी गप्प बसले असते तर पोर गेलं असतं आणि नाव पुन्हा भावजयीचंच झालं असतं.

कपडे तिथेच राहिले. दोन्ही डबे काखोटीला मारून मी रिक्षात बसले. वॉर्डात सगळ्यांसमोर डबे टेबलावर ठेवले आणि सांगितलं, "बाई, झाकणं माझ्या हातून बदलली. पुड्यांत बेकिंग पावडर होती. नवं पाकीट आणा म्हणाला होतात, मी आणलं नाही. हिने सगळ्या पुड्या दिल्या. हिची काही चूक नाही."

बाईंनी डब्यात बोट घातलं, जिभेला लावलं आणि नर्सला हाक मारली. सलाईनचा वेग वाढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत्ता आलात म्हणून. उद्या आला असतात तर काही खरं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास संथ झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी ढब्बूने डोळे उघडले, ओठ चोखले आणि आईचा पदर ओढला. त्याचं पिणं बघून मला हुंदका आवरेना. भाऊ माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "झालं गेलं, ताई. तू मुद्दाम थोडीच केलंस? कबूल केलंस हेच मोठं."

भावजय तीन दिवसांत माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आता ती पोराला पाजता पाजताच म्हणाली, "पुड्यांचं सांगितलंत, ताई. मोठीचं अजून सांगितलं नाहीत."

"काय मोठीचं?" भावाने विचारलं.

मला कळलं होतं. पळायला जागा नव्हती, आणि पळायचं बळही उरलं नव्हतं.

"मी तुला म्हणाले होते की ही झोपून असते आणि पोर रडत असतं," मी भावाला म्हणाले. "ते खोटं होतं. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. पोर रडायचं तेव्हा ही जागीच असायची. फेऱ्या मारायची, पाणी पाजायची, पहाटेपर्यंत. कूस बदलून झोपत होते ती मी."

 माझ्या पाठीवरचा हात भावाने कधी काढला ते मला कळलंही नाही. मग तो बायकोकडे वळला. 

"अगं, मग तू का नाही सांगितलंस मला? एकदा तरी सांगायचंस."

"रोज सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, ताई कशाला खोटं बोलेल?"

आणि तिने पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं.