कुरडयांखालचा पेपर

राग येनार नाही त काय होईन? धान्य चाळायची मोठी सरकारी मशीन शेवटी नदीपल्याडच्या धामनवाडीले गेली. डांबरी रस्ता आमच्या गावाले, सोयाबीन आमचं त्याईच्या दुप्पट, अन् मशीन त्याईले. माहा गणेश मशीनचंच काम शिकून घरी बसेल होता, गावात हे मशीन येईन याच भरवशावर. आता पुन्याले चालला, बायको इथंच ठेवून.

आम्ही साहेब गावात येऊन इचारतीन म्हनून वाट पाहत राह्यलो. सरपंच शेषराव म्हनले, नशीब आपलं. नशीब कायचं? पेपरात जाहिरात आल्ती, ज्या गावाले मशीन पायजे त्यानं ठराव पाठवा म्हनून. पेपर आमच्याही गावात येते. शेषरावच मागवते, काखेत मारून पारापर्यंत मिरवते, अन् मंग त्याईच्या घरी त्यावर कुरडया वाळतात.

हे उघडं पाडलं आमच्या सुनेनं, पुष्पांजलीनं. पोरगी धामनवाडीचीच. शेषरावच्या घरी कुरडया काढू लागायले गेली, त खालचा कागद वाचत बसली. त्या गावाची खोडच ते. तिथं आज्याच्या काळी खिळे जुळवून छापायचा छापखाना होता. ओले कागद दोरीवर वाळत टाकत, अन् येनारा-जानारा उभा राहून वाचे. छापखाना कवाचाच मोडला, पन सकाळी पारावर एकानं पेपर वाचायचा अन् बाकीच्याईनं ऐकायचा, हे काही मोडलं नाही.

तिनं जाहिरात दाखवली तवा मुदत निघून गेल्ती.

"मामाजी, तो छापखान्यावाला बैलगाडीत मशीन घेऊन पयले तुमच्याच गावात आल्ता म्हनते," ती म्हनली. "काऊन हाकलला त्याले?"

माहा आजा हे हासत सांगे. पंचाईनं ठरवलं होतं का मशीनच्या खडखडीनं गावातल्या म्हशी पान्हा चोरतीन. दैव देते अन् कर्म नेते, ते असं.

गणेश गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी म्या शेषरावच्या काखेतून पेपर ओढला अन् सुनेले पारावर नेलं. म्हनलो, डोक्यावरचा पदर राहू दे तसाच, पन वाच मोठ्यानं. चार डोके जमले. तिचा आवाज पयले कापला, मंग खणखणीत झाला. मले जरा बरं वाटून राह्यलं होतं.

पाराजवळ म्हातारे भगवानराव दूध काढत बसले होते. त्याईनं मान वर केली.

"हळू वाच व पोरी," ते म्हनले, "म्हैस पान्हा चोरून राह्यली."