न खेळता लिहिलेलं

तनुजानं तो रिव्ह्यू वाचला तेव्हा ती वाळूजच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसली होती. उघडलेला डबा तसाच राहिला. तिनं तो दोनदा वाचला आणि फोन टेबलावर असा आपटला की शेजारची बाई म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना?"

‘बुडीत’ हा तिनं चार वर्षं खपून केलेला रोलप्लेइंग गेम. टेबलाभोवती तिघं-चौघं बसतात, प्रत्येक जण गावातलं एक माणूस होतो, आणि एक जण गोष्ट चालवतो. गाव धरणात जाणार आहे, हातात सात दिवस आहेत. काय न्यायचं, काय सोडायचं, कोणाला हात द्यायचा ते बोलत बोलत ठरवायचं. अडलं की फासे टाकायचे. तिचे वडील फकिरा लहान असताना त्यांचं गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं होतं. त्यांनी पैठणच्या घरात सांगितलेल्या गोष्टींवरूनच तिनं हे चौसष्ट पानांचं पुस्तक केलं होतं.

रिव्ह्यू लिहिणारा मिहिर शहरात, उस्मानपुऱ्यात राहायचा. असले खेळ खेळणारे पुण्या-मुंबईतले लोकही त्याचा ब्लॉग वाचून पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवायचे. त्यानं लिहिलं होतं, ‘हा खेळ नाही, रडगाणं आहे. पुनर्वसनाचा अर्ज भरल्यासारखं वाटतं. बैलगाडीचा नियम बिनडोक आहे. सातव्या दिवसानंतर काय, हे बहुधा लेखिकेलाही माहीत नाही, कारण खेळाला शेवटच नाही.’

शेवट होता. बावन्नाव्या पानावर, ठळक अक्षरांत.

रविवारी दुपारी ती पुस्तक घेऊन उस्मानपुऱ्यात गेली. तिथं एका क्लासच्या खोलीत मिहिर आणि त्याची मित्रमंडळी दर रविवारी खेळायला जमत. त्या दिवशी तिघंच होते: मिहिर, शंतनू आणि मृण्मयी. तनुजानं नाव सांगितलं आणि बावन्नावं पान उघडून मिहिरच्या पुढ्यात ठेवलं.

"हे वाचलं होतं?"

मिहिरनं पान पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "हे... राहिलं असेल. पुस्तकं लई येतात माझ्याकडं."

"खेळलात किती वेळा?"

"बारा वर्षं झाली मला यात. वाचलं तरी कळतं."

"अर्धंच वाचलं तरी कळतं?" तनुजाचा आवाज चढला. "मग वर लिहायचं ना, की मी हे खेळलो नाही, चाळलंय. लोकांना वाटलं तुम्ही खेळलात. दुकानदारानं मला पुस्तकं परत नेता का म्हणून विचारलं. रडगाणं म्हणालात त्याचं काय नाय. तुमची आवड, तुमचं मत. पण जे आहे ते नाही म्हणून कसं लिहिता?"

शंतनू खिडकीबाहेर बघू लागला. मृण्मयी मात्र म्हणाली, "मिहिर, आत्ताच खेळू या की. त्या चालवतील."

नाही म्हणायला मिहिरला जागा उरली नाही. तनुजानं फासे मागून घेतले आणि सुरुवात केली. राग इतका होता की पहिल्या दिवसाचं वर्णन तिनं भांडल्यासारखंच केलं. पण शंतनूनं उगवून आलेली ज्वारी सोडून जायला नकार दिला, मृण्मयी त्याला समजावायला लागली, आणि हळूहळू टेबलावर गाव उभं राहिलं.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. गावात गाड्या दोनच. नियमानं, ज्या दोघांचे फासे मोठे त्यांना गाडी. बाकीच्यांनी पुढच्या दिवसापर्यंत थांबायचं. मृण्मयीचा फासा लागोपाठ तीनदा छोटा पडला. चाळीस मिनिटं तिला करायला काहीच नव्हतं. ती आधी पेन फिरवत बसली, मग तिनं फोन काढला.

तनुजाला ते दिसलं आणि चूक कळली. आजवर ती मैत्रिणींना घेऊन खेळली होती, तेव्हा असं कोणी अडकलं की ती स्वतःच काहीतरी सुचवून पुढं ढकलत असे. ते पुस्तकात कुठंच नव्हतं. आज ती मुद्दाम पुस्तकाबाहेर गेली नाही, म्हणून उघडं पडलं.

खेळ कसाबसा शेवटाला गेला. नव्या गावठाणात सगळे जमले, आणि एकानं मागं सोडलेली वस्तू दुसऱ्यानं आठवून सांगायची वेळ आली. मिहिरनं सोडलेल्या जात्याबद्दल शंतनू बरंच बोलला. मिहिर मान खाली घालून ऐकत राहिला.

मग तो म्हणाला, "शेवट चांगला आहे. गाडीचं मात्र मी बरोबर म्हणालो होतो."

"बिनडोक म्हणालात. बिनडोक ऐकून मी काय दुरुस्त करू? कुठं अडतं, कोणाला अडतं, किती वेळ, ते लिहा. मग तोंडावर शिव्या दिल्या तरी चालतील."

"तो रिव्ह्यू मी आजच काढून टाकतो."

"नाय. पुसायचा नाय," तनुजा म्हणाली. "शंभर जणांनी पुढं पाठवलाय तो. तसाच राहू द्या आणि त्याच्यावर लिहा, की हे लिहिलं तेव्हा मी खेळलो नव्हतो."

"माझ्यावर कोण विश्वास ठेवेल मग?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी जुन्या रिव्ह्यूवर ती ओळ आली. खाली लोकांनी मिहिरची यथेच्छ टर उडवली, आणि तनुजाला ते वाचून बरं वाटलं. त्याखालीच नवा रिव्ह्यू होता. किती जण खेळले, किती तास लागले, खेळ कोणाला आवडेल, कोणाला नाही, सगळं होतं. शेवटाचं कौतुक चार ओळींत होतं. गाडीच्या नियमावर दोन परिच्छेद होते: एक खेळाडू चाळीस मिनिटं बाहेर बसते, आणि सगळं गाव धडपडत असताना एकानं हात बांधून बसणं गोष्टीलाही पटत नाही.

एकही शब्द खोटा नव्हता. त्यामुळं तिचा राग आणखीच वाढला. पहिल्यासारखा तो कोणावर काढताही येईना.

शनिवारी ती पैठणला गेली. फकिरा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. ती समोर बसली आणि घुश्शातच विचारलं, "आबा, गाव उठलं तेव्हा गाडी नाय मिळाली तर माणसं काय करायची?"

"काय करायची म्हणजे? डोक्यावर न्यायची. आमचा धान्याचा कणगा सहा जणांनी उचलून नेला. त्यातल्या दोघांशी तर बांधावरनं भांडण होतं आमचं."

"हे कधी सांगितलं नाय तुम्ही."

"तू गाड्यांचंच विचारायचीस."

तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. चार वर्षं. ती आत जाऊन वही घेऊन आली आणि म्हणाली, "त्या सहा जणांची नावं सांगा."

फकिरांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "पहिला बन्सी," ते म्हणाले, "त्याच्याशीच भांडण होतं."