तळहातावरची ओळ

१९५६ साली मानसशास्त्रात एम. ए. होऊन मी चाकणला आले, ती निव्वळ हट्टाने. पुण्याचे माझे सर म्हणाले होते, "हुशार मुलाला वाचता येत नाही, असं कधी होत नसतं. एक तरी दाखवा, मग संशोधनाला मंजुरी देतो."

आणि इथल्या शाळेत मला रंभा सापडली! अकरा वर्षांची. माझ्या लाकडी ठोकळ्यांची कोडी चुटकीसरशी सोडवायची, पण पुस्तक उघडलं की घाम फुटायचा. "अक्षरं जागेवर ठरतच न्हाईत, बाई," म्हणायची. महिनाअखेर एक ओळ वाचली नाही तर पटावरून नाव कमी, असं उद्धवराव मास्तरांनी बजावलं होतं.

तिचा बाप ज्योतीराम बैलबाजारात दलाल. दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. एका शनिवारी बाजारात त्याने माझ्यासमोर गमतीने रंभाला त्या खुणा सांगून तिचा हात रुमालाखाली घेतला, तर पोरीने भाव बिनचूक सांगितला. एकदा नव्हे, तीनदा! मी तिथेच शेणात उभी राहून टाळ्या पिटल्या. डोळ्यांना न गवसणारं हाताला गवसत होतं!

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढू लागले. डोळे मिटून ती ओळखायची, स्वतः गिरवायची, मग पुस्तकात शोधायची. मला तहानभूक सुचेना.

महिनाअखेर मास्तरांनी पुस्तक पुढे केलं. रंभा तळहातावर एकेक अक्षर गिरवत वाचू लागली, "गाय... रानात... चरते."

"हे कसलं वाचन? हात खाली कर," मास्तर गरजले.

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्हीही चष्मा काढून वाचा, मास्तर!"

मास्तरांचा हात चष्म्याशी जाऊन थांबला. हसू दाबत ते म्हणाले, "राहू दे नाव पटावर."

मी रंभाला उचलून गरकन फिरवलं. दाराशी ज्योतीराम उभा होता. सगळा बाजार डोक्यावर घेणारा गडी, पण आज हळू आवाजात बोलला.

"बाई, मीबी चार वर्सं साळंत बसलो. मलाबी असंच व्हायाचं. समद्यांनी ढ म्हटलं, म्याबी मानलं."

बाप आणि लेक, दोघंही! पुण्याच्या सरांना कधी एकदा कळवते असं झालं मला. पण ज्योतीराम अजून हलला नव्हता.

"माज्या वयाच्या माणसाला शिकवता का वो?" त्याने विचारलं.