फिकट हिरवा

"उंबरठा राहू दे," आई म्हणाली.

मी एका हाताने शिडी धरून उभी होते. दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर डेपोत माझ्या जागी आलेला नवा माणूस. शिडीवर रंगारी, आणि स्वयंपाकघराच्या दारात छिन्नी घेऊन बसलेला गवंडी. आता ह्या सगळ्यात आईला उंबरठ्याचा पुळका आला.

"अगं, सगळे अडखळतात त्याला. घर बघायला आलेला माणूस तोंडावर पडला तर घेईल का घर?"

"मी कधी पडले?"

मी गवंड्याला म्हटलं, काढा. नव्या माणसाला म्हटलं, मी नंतर फोन करते. तर तो म्हणाला की फक्त एकच विचारायचं होतं. त्याचं नेहमी एकच असायचं.

मी बस डेपोत ड्युट्या लावायचे. कुठली गाडी कोणी काढायची, कोणाची सुट्टी कोणाच्या गळ्यात मारायची, कुठल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, हे सगळं. अर्धं आयुष्य त्यात गेलं. आणि आता, केस पांढरे झाल्यावर, दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने बोलावून घेतलं होतं. हाताखाली माणसं, स्वतःची खोली. पहिल्यांदाच कोणीतरी मला विचारलं होतं की तुम्ही याल का. आई म्हणाली, जा. मीही येते. एकटीने एवढ्या घरात काय करू, विकून टाका. हे तिचेच शब्द, मी कुठेही लिहून द्यायला तयार होते.

आणि तीच बाई आता एकेका खिळ्यावरून वाद घालत होती. न्हाणीघराचं दार करकरायचं, त्याला तेल घातलं, तर म्हणे तो आवाज असू दे की. बोळातलं कपाट हलवलं, तर म्हणे तिथेच बरं होतं. घर मोकळं दिसलं पाहिजे, असं भावाचं म्हणणं. भाऊ परदेशात. तिथून सल्ले द्यायला त्याचं काय जातंय? भिंती पांढऱ्या करा, हाही त्याचाच सल्ला. पांढरं घर लवकर विकलं जातं म्हणे. रंगाऱ्याला विचारलं तर तो हो म्हणाला. तो कोणी काहीही विचारलं तरी हो म्हणायचा.

शेवटी मी वैतागून म्हणाले, "विकायचं तूच म्हणालीस ना? मग आता कशाला जीव अडकवतेस?"

दुसऱ्या दिवसापासून ती पलंगावरून उठेना. पाणी मागून घ्यायची, चहा मागून घ्यायची. न्हाणीघरात जायचं तर मला हाक मारायची, म्हणायची हात दे, गुडघा धरलाय. मी मनात म्हटलं, बाईसाहेब रुसल्या. बाहेरच्या खोलीचा तो फिकट हिरवा रंग तिने आणि बाबांनी मिळून निवडलेला. तो गेला म्हणून ती घर डोक्यावर घेणार, ह्याची मी तयारी करून ठेवली होती. पण चकार शब्द नाही. समोर पांढरीफटक भिंत, आणि ही शांतपणे बसलेली. म्हणजे अबोला. इकडे मला डेपोतलं काम आवरायचं, तिकडे खोकी बांधायची, आणि हिचे रुसवे कोण काढणार? मी नाही काढले.

रविवारी घर बघायला एक जोडपं आलं. नवरा-बायको दोघंही सौम्य, हळू बोलणारी. आई लुगडं सारखं करून उठली आणि म्हणाली, मी दाखवते. मी सुटकेचा श्वास सोडला. गेला एकदाचा राग.

भिंतीला हात लावून ती बाहेरच्या खोलीत उभी राहिली.

"हा आमचा फिकट हिरवा," ती त्यांना म्हणाली. "आमच्या ह्यांनी निवडलेला. आता पुन्हा तोच दिलाय, रंगाऱ्याला मी मुद्दाम विचारलं. उन्हाळ्यात डोळ्यांना कसा गार वाटतो."

तिचा तळवा पांढऱ्या भिंतीवर होता. नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बायको काही बोलायला गेली.

"हो," मी म्हटलं. "तोच ठेवलाय."

"छान आहे," बायको थोडं थांबून म्हणाली.

आई स्वयंपाकघराकडे वळली. दारात येताच तिने पाय चांगला वर उचलला, नसलेल्या उंबरठ्यावरून पलीकडे टाकला, आणि तोल जाऊन चौकटीला धरून उभी राहिली. मी धावले. ती हसून म्हणाली, "गुडघा."

जाताना ती माणसं म्हणाली की घर पसंत आहे. मला काडीचा आनंद झाला नाही. दार लावून मी तिच्यासमोर बसले.

"कधीपासून?"

ती आधी टाळत राहिली, मग बोलली. उजेड कळतो. समोर माणूस आलं की कळतं. काचबिंदू. शेजारणीला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आली होती. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली टिकावी म्हणून थेंब चालू होते. डोळे कोरडे पडतात म्हणून घालते, असं मला सांगितलेलं. घर पाठ होतं, म्हणाली, काही अडत नव्हतं.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस ती नोकरी?"

नसती घेतली. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला भयंकर राग आला. तिचा, भावाचा, त्या होयबा रंगाऱ्याचा आणि सगळ्यात जास्त माझा. दाराचा आवाज, कपाट, उंबरठा, जे जे धरून ती चालत होती ते मी माणसं लावून काढून टाकलं होतं. मी म्हटलं, नको ते घर विकणं, नको ती नोकरी. उद्या डेपोत सांगते, ते आनंदाने ठेवून घेतील.

"खबरदार," आई म्हणाली. "मला तुझ्या गळ्यातली धोंड करू नकोस. तेवढ्यासाठीच गप्प बसले होते." मग तिने विचारलं, "रंग कुठला दिलाय?"

"पांढरा."

"दवाखाना केलास मेले." आणि मग, "एक कर. तिकडे भाड्याने घेतलेल्या त्या नव्या घरात सामान लावायच्या आधी मला घेऊन चल. रिकामं असताना."

पुढच्या रविवारी गेलो. तिने दारातच चपला काढल्या आणि माझा हात सोडला. बोटं भिंतीला टेकवून ती चालू लागली. मी म्हटलं, आई, पुढे ओटा आहे. ती म्हणाली, बोलू नकोस, माझी पावलं चुकतात. ओट्याचा कोपरा तिला लागलाच. जिथे लागलं तिथे तिने हात फिरवला, मागे गेली, दारापासून पुन्हा आली. ह्या वेळी हात आधी पोचला. मग न्हाणीघर, मग आतली खोली, मग पुन्हा सगळं उलट्या बाजूने. मी जमिनीवर बसून होते, तोंड मिटून. जन्मात कधी जमलं नव्हतं ते.

बऱ्याच वेळाने ती भिंत सोडून बाहेरच्या खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"खिडकीखाली बसलीयेस ना?"

"हो."

"ऊठ तिथून," आई म्हणाली. "तिथे माझी खुर्ची येणार आहे."