लाइन स्वच्छ आहे

ताईला मेमो मिळाला, त्याला पुरावा म्हणून एक अहवाल जोडला होता. ‘लाइन स्वच्छ आहे. दोष आढळला नाही.’ खाली सही तिच्या धाकट्या बहिणीची होती.

ताई सोळा वर्षं रुग्णवाहिकेच्या हेल्पलाइनवर फोन घ्यायची. ते फोन ज्या कंपनीच्या नेटवर्कमधून जात, तिथे धाकटी इंजिनिअर होती. दोन महिन्यांपूर्वी एका बाईचा फोन आला. नवरा कोसळलाय, तोंड वाकडं झालंय. आवाज तुटत होता. ताईने घराचा नंबर तीनदा विचारला. बाई चौऱ्याहत्तर म्हणत होती, ताईला चौऱ्याऐंशी ऐकू आलं. गाडी भलत्याच दारात गेली, वीस मिनिटं वाया गेली. नवरा सुतार होता. जीव वाचला, उजवा हात गेला. लाइन खराब होती असं ताई सांगत राहिली, मेमोत ठपका मात्र तिच्या ऐकण्यावरच होता.

‘‘तू सही केलीस?’’ ताईने विचारलं.

‘‘साहेबांनी कागद पुढे केला, आणि...’’

‘‘साहेबांचं कोण विचारतंय? तू वाचला होतास का?’’

धाकटीने वाचला होता. वाचताना काहीतरी खटकलंही होतं, पण जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. हे आठवून तिच्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी पर्स खांद्यावरून न उतरवताच ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

‘‘आपण मधे तपासणीचा डबा बसवला, तेव्हा फोन दुसऱ्या वाटेला वळवले होते. म्हणजे तपासली ती दुसरीच वाट.’’

‘‘अगं, रक्त तपासायचं तर सुई टोचावीच लागते.’’

‘‘टोचली ना. शेजाऱ्याला टोचली!’’

साहेबांनी चष्मा काढला. ‘‘बहिणीसाठी करतेयस हे.’’

‘‘हो. आणि सही माझी आहे म्हणूनही. मला वाट न बदलता मोजू द्या.’’

‘‘कर. पण एक फोन जरी तुटला, तर घरी बसायचं.’’

‘‘फोन आत्ताही तुटतायतच, साहेब.’’

नेटवर्कमध्ये आवाजाचे बारीक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर एक लेबल लागतं. मधली यंत्रं आत काय आहे ते बघत नाहीत. लेबल वाचतात आणि पुढे ढकलतात. धाकटीने त्याच वाटेसाठी दुसरं एक लेबल तयार केलं. एक मिनिट जुनं लेबल लावायचं, पुढचं मिनिट नवं. दोन्हींचा अर्थ एकच, त्यामुळे वाट तीच राहणार. प्रत्येक यंत्राने फक्त कुठल्या लेबलाचे किती तुकडे गेले ते मोजायचं. नवं लेबल वाहत असताना जुन्याचा आकडा स्थिर होतो आणि तो निवांत ताडून बघता येतो. काही अडवायचं नाही, वळवायचं नाही.

सोमवारी सकाळी दहाला, फोनची सगळ्यात जास्त गर्दी असताना, तिने मोजणी सुरू केली. पहिल्या यंत्रात आले तेवढे दुसऱ्यात पोचले. तिसऱ्यातून बाहेर पडताना मात्र दर शंभरात सात गायब. पुढच्या मिनिटाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. तिने टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की शेजारची कारकून बाई दचकून उठली.

साडेअकरापर्यंत नेमकी जागा सापडली: तिसऱ्या यंत्रातलं एक सर्किट कार्ड खराब झालं होतं. दुपारपर्यंत साहेबांनी ते बदलून घेतलं. ‘‘झालं! विषय संपला. आता लिहीत बसू नकोस.’’

‘‘दीड तासात सापडलं, साहेब. दोन महिने माझी बहीण खोटी ठरत होती.’’

‘‘कंपनीचं नाव जाईल.’’

‘‘जाऊ दे!’’

तिने स्वतःचा जुना अहवाल चुकीचा असल्याचं लिहिलं, खाली प्रत्येक मिनिटाचे आकडे दिले आणि कागद थेट चौकशी समितीकडे नेऊन दिला. त्याच आठवड्यात तिची बदली गोदामात, केबलच्या रिळांच्या देखरेखीवर झाली.

ताईचा मेमो चार ओळींच्या पत्राने रद्द झाला. ‘‘यात ‘सदर’ हा शब्द पाच वेळा आहे,’’ ताई म्हणाली. ‘‘चूक झाली, असं एकदाही नाही.’’ मग तिने विचारलं, ‘‘त्या बाईला कुणी कळवलं का?’’

कुणीच कळवलं नव्हतं. रविवारी दोघी तिच्या घरी गेल्या. सुतार खिडकीशी बसला होता. डाव्या हाताने चमचा धरायचा सराव चालला होता. बायकोने दारातच त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे मी नंबर बरोबर सांगितला होता?’’

‘‘तिन्ही वेळा,’’ ताई म्हणाली.

बाईचा चेहरा लालबुंद झाला. ‘‘याचा भाऊ मला तोंडावर म्हणाला, स्वतःच्या घराचा नंबर चुकलीस. मुलगी बोलत नाही माझ्याशी. मीसुद्धा... मीसुद्धा खरं धरून चालले होते हो! आणि तुम्ही आज येताय?’’

‘‘पहिल्या अहवालावर सही माझी होती,’’ धाकटी म्हणाली.

बाईने दोघींना आत या म्हटलं नाही, दारही लावलं नाही.

‘‘तो दुसरा कागद आणलायस?’’

धाकटीने प्रत पुढे केली. बाईने ती घेतली, चपला पायात सरकवल्या आणि दिराच्या घराकडे तरातरा निघाली.