तात्यासोंची अकरा झुडपं

कोल्हापूरच्या वेशीवरच्या टेकडीवर, वनउद्यानात घाणेरी इतकी माजली होती, की धोंडुबाईची म्हैस एकदा तिच्यात शिरली ती तिसऱ्या दिवशी पार लांबच्या आजऱ्यात बाहेर पडली. शिंगांत काजू अडकलेले. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

ही घाणेरी काढायला दर रविवारी पंधरा-वीस माणसं जमायची. कोयत्यानं सपासप तोडायची, ढिगापुढं फोटो काढायची आणि मिसळ खायला जायची. म्हशीचा राग मनात धरून धोंडुबाईही त्यांच्यात असायची. सगळा कारभार धैर्यशीलरावांचा. रिटायर्ड इंजिनिअर माणूस, टेकडीकडंसुद्धा पुलाचं काम असल्यासारखं बघायचा.

तात्यासो मात्र खालच्या कोपऱ्यात एकटेच खुरपं घेऊन बसायचे. जैनाचं घर, जीव मारायचा नाही हे अंगात मुरलेलं. झुडपाच्या बुडाची माती हलकेच सैल करायची, मुळांतल्या मुंग्या-किडे मऊ ब्रशनं शेजारच्या पाल्यात सोडायचे, मग मूळ अखंड उपसायचं. एका झुडपाला एक रविवार. लोक तर सांगायचे, तात्यासो नुसते खाकरले तरी मुंग्या अंथरूण-पांघरूण गुंडाळून निघतात. पावसाळा लागेपर्यंत मंडळींनी अर्धी टेकडी दोनदा तोडून काढली. तात्यासोंची झाली अकरा झुडपं.

दसऱ्यानंतर सगळे परत आले, तर ती अर्धी टेकडी छातीइतक्या घाणेरीनं भरलेली. तोडलेल्या एकेका बुडख्याला चार-चार फुटवे. धैर्यशीलरावांनी तिथल्या तिथं फोन काढला आणि पुढच्या रविवारी जेसीबी सांगितला. सगळा उतार खरवडायचा आणि नर्सरीतली रोपं ओळीत लावायची.

आपल्या कोपऱ्यात आपटा आलाय, करवंदी आलीय, कुणी न लावता आलीत, असं तात्यासोंनी सांगून बघितलं. सगळे हसले. मुंग्यांनी लावली असतील, असं कुणीतरी म्हणालं.

रविवारी जेसीबी आला. तात्यासो कोपऱ्याच्या तोंडाशी, बरोबर यंत्रापुढं मांडी घालून बसले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. धैर्यशीलराव तणतणत आले, तोवर धोंडुबाई कोयता कमरेला खोचून आडवी आली.

"सायेब, तुमचं रान म्या दोनदा तोडलं, आता तिसऱ्यांदा आलंय. ह्या म्हाताऱ्याच्या कोपऱ्यात परत तोडायला मला कुणी बोलवलंच न्हाय. का, ते बघून तरी या की."

धैर्यशीलराव आत गेले. आधी उभ्यानं बघितलं, मग वाकले, मग चक्क गुडघ्यावर आले. घाणेरीचा एक फुटवा नाही. जोडपानाची आपट्याची रोपं, बोटभर करवंदी. सवयीनं मोजायला लागले, ते नव्वदाव्या रोपाला चष्मा ओला झाल्यावर थांबले. घामानं झाला म्हणाले.

मग बसल्या बसल्या त्यांनी गणित मांडलं. "तात्या, ह्या चालीनं टेकडीला दोनशे वर्षं लागतील."

"एकट्याला व्हय," तात्यासो म्हणाले. "वीस जण बसलो तर धाच वर्षं."

धैर्यशीलरावांच्या मनगटावर एक मुंगी चढली होती. ती झटकायला उचललेला हात त्यांनी तसाच धरून ठेवला.

"हिला कुठं सोडायची?"

तात्यासोंनी ब्रश पुढं केला.

जेसीबी आल्या वाटेनं परत गेला. धोंडुबाई शपथेवर सांगते, वळणावर मुंग्यांची रांग आडवी आली, तर ड्रायव्हरनं हॉर्न देऊन वाट बघितली.